मास्तरांचं अळणी ताट

९ नोव्हेंबर

बारके,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे म्हणून पेन उचललं आणि तसंच हातात धरून बसले. शेवटी म्हटलं, तुझ्यासाठी आशीर्वाद शिल्लक आहेत की नाहीत ते पत्र संपेपर्यंत मलाच कळेल. तुझ्या लेकीला आणि तिच्या तान्ह्याला मात्र भरभरून. त्या दोघांचा यात काही दोष नाही.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी रडते, तू आवाज चढवतेस, आणि मुद्द्याचं बोलणं राहून जातं. कागदाचं बरं असतं, समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही.

मास्तर आपल्या शिवणाच्या दुकानात पडले, एवढं तुला कळवलं होतं. कसे पडले ते सांगते. एका गिऱ्हाइकाचा कोट अंगावर घालून बघणं चाललं होतं. मास्तर गुडघ्यावर बसून पँटच्या खालच्या घडीला खडूची खूण करत होते. उठले, आणि "जरा धरा हो" म्हणाले. गिऱ्हाइकाला वाटलं कोट धरायला सांगताहेत. त्याने बिचाऱ्याने कोट धरला. मास्तर आडवे. मशीनच्या लोखंडी पायाची कड कपाळात घुसली, टाके पडले, आणि उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात गं. डाव्या हाताने त्यांना साधं बटण लावता येत नाही.

हॉस्पिटलात नर्सने बीपी मोजलं, यंत्र बिघडलंय असं वाटून परत मोजलं. इतकं खाली गेलेलं. ज्या माणसाचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं, ज्याला डॉक्टरीणबाईंनी एकावर एक गोळ्या चढवल्या होत्या, त्या माणसाचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत जेवणात काही बदललंय का?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, काही म्हणजे काही नाही. त्यांच्या हृदयाच्या शिरेत जाळी बसवल्यापासून माझ्या उंबऱ्याच्या आत मिठाचा खडा आलेला नाही. तेलसुद्धा चमच्याने मोजून. जे त्यांच्या ताटात तेच माझ्या ताटात.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, काहीतरी बदललेलं असणार. नीट आठवून बघा."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

त्यांचे कपडे घ्यायला घरी आले तर आपला सलूनवाला दुकान उघडत होता. चौकशी केली त्याने, भला माणूस आहे. आणि बोलता बोलता म्हणाला, "मावशी, बारकीताई लेकीकडे गेल्या आणि दुकान बंद झालं तेव्हापासूनच मास्तर उतरलेले दिसत होते. दुपारची ताटली रोजची ठरलेली ना त्यांची तिथली."

मी चटकन "हो ना" म्हटलं. जसं काही मला ठाऊकच होतं. का म्हटलं कुणास ठाऊक. घरातली लाज घरातच राहावी म्हणून असेल. मग कुलूप काढायला किल्ली घेतली आणि ती लागेचना. चुकीची किल्ली धरून बसले होते.

आता सरळ विचारते. तुझं लोणच्याचं आणि खारवलेल्या माशांचं दुकान. तिथे मास्तर दुपारी काय खायचे? किती? रोज का अधूनमधून? कधीपासून? मी त्यांना विचारलं तर डोळे मिटून घेतले आणि झोपेचं इंजेक्शन दिलंय म्हणाले. नर्सला विचारलं. असलं कुठलंच इंजेक्शन दिलेलं नाही.

बाईंनी तूर्त दोन गोळ्या थांबवून ठेवल्या आहेत; पुढचं प्रमाण तुझ्या उत्तरावर ठरायचं आहे, बारके. ते खाणं सुटलेलं असेल तर आधीच्या तेवढ्या गोळ्या त्यांना पुन्हा पाडतील. तू परत आलीस आणि ते पुन्हा सुरू झालं, तर कमी केलेल्या गोळ्या पुरायच्या नाहीत. आणि या वयात पुढच्या वेळी नुसत्या हातावर निभावणार नाही.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर लिहिलंच नसतं. एवढं लवकर कळव.

ताई


१८ नोव्हेंबर

बारके,

तुझी चिठ्ठी आली. चारच ओळी. एवढ्या लांबून एवढं तिकीट लावून चारच ओळी पाठवायला जिवावर नाही का आलं? "कधीमधी लोणच्याची एखादी फोड द्यायचे, ताई. माणूस दारात येऊन उभा राहिला तर नाही कसं म्हणायचं. एवढ्याने कुणी पडत नसतं."

कधीमधी. बरं.

तुझ्या गल्ल्यामागे, बरण्यांच्या फळीला लागून एक उंच स्टूल आहे. त्यावर गादी आहे. कोटाच्या उरलेल्या कापडाची, करड्या रंगाची, कडेने दुहेरी टीप मारलेली. ती टीप माझी आहे. "ताई, दिवसभर बसून पाठ धरते गं, एक छोटीशी गादी शिवून दे," असं तू म्हणालीस, आणि मी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून ती शिवली. परवा सलूनवाल्याला विचारलं, त्या स्टुलावर कोण बसायचं. तो म्हणाला, मास्तर. ताई कुठल्या बसतात, त्या तर दिवसभर उभ्या. म्हणजे माझ्या नवऱ्याने मला चोरून बसून खावं, त्याची बैठक मऊ असावी, म्हणून गादी मीच शिवून दिली. आणि तू ती हसत हसत घेऊन गेलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला, बारके. कधीमधी येणाऱ्या माणसाला गादी लागत नाही.

"एवढ्याने काय होतं" हे तुझं नेहमीचं. म्हणून एकदा नीट सांगते. शाळा माझी पाचवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तुला सांभाळायलाच सुटली. पण मास्तरांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली आणि जाळी बसवली, तेव्हापासून मी वाचनालयात जाऊन बसते. एकेक ओळ बोट ठेवून वाचते. नाही कळलं तर डॉक्टरीणबाईंना विचारते, त्या कंटाळत नाहीत.

कोट बघ. वरून कापड कितीही झकपक असू दे, आत अस्तर गुळगुळीत असेल तरच हात बाहीतून सरकन जातो. शिरेलाही आतून तसंच एक पातळ अस्तर असतं. ते धड असलं की रक्त अडखळत नाही. रक्त जास्त लागलं की शीर सैल होते, काम झालं की आवळते, आपल्या चांगल्या शिवलेल्या जॅकेटसारखी. मीठ जास्त गेलं की अंगात पाणी साठून राहतं, आतून जोर वाढतो, आणि त्या अस्तरावर रात्रंदिवस ताण. ते खरखरीत होतं, बारीक बारीक उसवतं. उसवलेल्या जागी चरबी जाऊन बसते, धुतलेल्या कोटात कापसाच्या गुठळ्या बसाव्यात तशी. मग शीर कडक होत जाते. ताकद लावून रक्त ढकलावं लागतं, जोर आणखी वाढतो. तू तव्यावर चरबीत परतलेला खारा मासा एका ताटलीत दोन्ही कामं करतो, मिठाचंही आणि चरबीचंही.

आणि नुसतं तोडायचंच असतं असं नाही. भाजी, डाळी, अख्खं धान्य, फळं, मूठभर बिनखारे दाणे, यांनी ते अस्तर मऊ राहतं. हे सगळं मी घरात आणलं. पाव दुकानातला बंद केला, कारण त्यात मीठ असतं हे मला वाचून कळलं. बिनमिठाचा पाव घरी भाजायला शिकले. पहिले दोन-तीन पाव असे झाले होते की मास्तर म्हणाले, हे इस्त्रीखाली ठेवायला बरे. तेव्हा किती हसलो आम्ही. ते हसताना त्यांच्या पोटात तुझा मासा होता, हे आता कळतंय.

आपल्याकडचे पाहुणे जेवायच्या वेळेआधी उठायला लागले. कुणाला काम निघायचं, कुणाच्या डोक्यात कळ यायची. तूच म्हणायचीस, "ताई, तुझ्याकडचं जेवण म्हणजे कोरी पाटी." मीही त्यावर हसायचे. बाकीचे गेले तरी तू यायचीस ना, माझ्याबरोबर शेंगा सोलत बसायचीस. तुझ्या बोटांना माशाचा वास यायचा. मला वाटायचं, धंद्याचा वास आहे, जाणार कुठे.

आणि बीपी काही उतरेना. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, खाणं कसं आहे. मी म्हणायचे, मिठाचा कण नाही. मास्तर शेजारी मान हलवायचे. मग त्या म्हणायच्या, एवढं पथ्य पाळूनही उतरत नाही म्हणजे शिरा फार कडक झालेल्या दिसतात, एक गोळी वाढवू. वाढवली. पुन्हा तेच. आणखी एक वाढवली. बाईंची यात काय चूक. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी तुमच्यावर. त्यांच्या समोर मी खरं समजून खोटं बोलत राहिले, आणि माझं ते बोलणं गोळी होऊन मास्तरांच्या पोटात जात राहिलं. मग तू लेकीकडे गेलीस. ताटली बंद झाली. आता पोटात जाणारं जेवण खरोखरच अळणी झालं, आणि गोळ्या मात्र तुझ्या बरण्यांच्या हिशेबाच्या. माणूस उभा राहील कसा?

तुला वाटेल, ताईला इतकी वर्षं काहीच कसं दिसलं नाही. आमच्या दुकानात पहिल्या दिवसापासूनची एक पद्धत आहे. मास्तरांनी कापलेलं मी पुन्हा मोजत नाही. टेप लावतच नाही, सरळ शिवायला घेते. दुसऱ्या दुकानांत दोनदा मोजतात, आमच्यात तो अपमान समजला जातो. त्यांनी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हटलं की ते पाय मोकळे करून येत. मी मोजत नव्हते, बारके. घरातलं माणूस मोजायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही.

आता चार ओळी नकोत. काय, किती, कधीपासून.

ताई


२६ नोव्हेंबर

बारके,

तुझं मोठं पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी काज करत होते. मास्तरांचा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे आधी कापून ठेवलेलं सगळं मी एकटीच संपवते आहे. एक काज झालं की पत्राचा एक परिच्छेद, असं वाचलं. तुझ्या एका वाक्यावर आले आणि पुढचं काज त्या दिवशी झालंच नाही.

तू रोजचं कबूल केलंस. मासा, फोड, खारे दाणे, आणि वरून बरणीतलं खारं पाणी पेल्यात. ते पाणी बीपीवाल्याला देतात हे आता प्रथमच ऐकते आहे. असो. जाळी बसवून घरी आल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं, हेही लिहिलंस. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, भावजी येऊन बसायचे, तुझ्या हाताला चव आहे म्हणायचे, आणि असं म्हणणारं आयुष्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं, हेही. ते वाचून जरा थांबले. एवढं मात्र खरं असणार. तू उगाच असलं लिहिणारी नाहीस.

पण त्याखालचं. "भावजी म्हणाले होते, ताईला सगळं ठाऊक आहे. फक्त तिच्यापुढे विषय काढू नकोस, तिला वाईट वाटतं. म्हणून मी कधी काढला नाही. तू मला बोलतेस, आधी तुझ्या माणसाला विचार."

विचारलं.

सध्या त्यांना मीच भरवते. उजवा हात बांधलेला, डाव्याने सांडतात. समोर बसून एकेक घास द्यायचा, तान्ह्या मुलासारखा. त्या दिवशी वाफवलेला भोपळा होता. घास तोंडात दिला आणि मग विचारलं.

"मला सगळं ठाऊक होतं?"

ते चावत राहिले. वाफवलेला भोपळा माणसाने किती वेळ चावायचा?

"असं सांगितलंत तुम्ही तिला?"

"नाहीतर तिने दिलं नसतं," ते म्हणाले.

बघ, किती सरळ. टेप लावून बोलल्यासारखं. त्यांना माझ्या बहिणीचा स्वभाव ठाऊक होता. बारकी ताईला फसवणार नाही, पण ताईने डोळेझाक केली आहे असं सांगितलं तर ताटली पुढे करील. माझ्या नावाची चिठ्ठी न लिहिता, नुसतं माझं नाव वापरून, त्यांनी रोजचं खाणं मिळवलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. जड जातंय, जमत नाही, एक दिवसाआड तरी काहीतरी चमचमीत कर, असं म्हणाला असतात तर मी काय तुम्हाला फासावर दिलं असतं?

त्यांनी तोंडातला घास गिळला. मग खाली बघून बोलले.

"पथ्याच्या पहिल्याच दिवशी दुपारी मी बारकीकडे गेलो होतो. राहवलं नाही. रात्री तुला सांगणार होतो. जेवायला बसलो तर तू तुझ्याही ताटात मीठ घेतलं नव्हतंस. मी सांगितलं नव्हतं तुला तसं करायला. तुझं ते ताट बघितलं आणि तोंड उघडेना. मग दुसऱ्या दिवशी जास्त अवघड झालं. तू जितकं सोडत गेलीस तितकं माझं सांगायचं राहत गेलं."

"म्हणजे चूक माझी."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं आणखी काय ठेवलंत?"

वाटी त्याच्या डाव्या हाताशी सरकवली आणि मी उठले. हो, त्याच्या. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरे करते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी केलं नव्हतं. तोंडावर अजून धीर होत नाही, पण पोळ्या लाटताना मात्र नीट करते.

लांब नाही गेले, जिन्यात बसले. आतून चमच्याचा आवाज येत होता. खाली पडतोय, उचलतोय, पुन्हा वाटीवर आपटतोय. मला हाक मारली नाही. आत गेले तेव्हा अर्धा भोपळा सदऱ्यावर होता. पुसला. 

आता तुझ्याबद्दल. तू सुटलीस असं समजू नकोस. त्यांनी सांगितलं आणि तू मानलंस, ठीक. पण बारके, तुला डोळे होते. बेकरीत बिनमिठाचा पाव मागताना लोक माझ्याकडे बघून हसायचे, तू माझ्याबरोबर होतीस. गोळी वाढली म्हणून मी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले, की माझ्या हातचं जेवण लागू पडत नाही. ठाऊक असलेली बाई अशी रडते का? एकदा, फक्त एकदा तू विचारायचं होतंस, "ताई, तुला खरंच माहीत आहे ना?" तू विचारलं नाहीस, कारण उत्तर तुला नको होतं. दुपारची सोबत गेली असती.

माणसाने दुसरी बाई ठेवली असती तर निदान गल्लीत लोकांनी माझी बाजू तरी घेतली असती. खाऱ्या माशासाठी फसवलं म्हणून कुणाकडे जाऊन रडायचं? ऐकणारा हसेल. मलाही मधूनच हसू येतं आणि मग त्याचीच चीड येते.

परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. तू लिहिलेलं मी त्यांना सांगणार नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं मी बजावलं आहे. नाही सांगितलं तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही.

ताई


३ डिसेंबर

बारके,

पुढच्या आठवड्यात परत येते आहेस असं कळवलंस. भावजींना बघायला घरी येऊ का, ते विचारलंस. येताना काय आणू, तेही. शेवटचं वाचून कपाळाला हात लावला. पण आधी बाकीचं सांगते.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही दोघं बसलो. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, खाणं कसं आहे. दर वेळी मी बोलते. या वेळी मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत राहिले, लाल आणि निळ्या शिरांचं.  मला वाटलं, हा आता पुन्हा मान हलवणार.  आता लपवलं तर पुढची गोळी पुन्हा खोट्यावर ठरणार, आणि पुढच्या वेळी हा कुठे पडेल, कोण उचलेल.

"बाहेर खात होतो," तो म्हणाला.

"काय?"

"खारं. तळलेलं."

"कधीतरी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चित्राकडेच बघत होते. त्याला त्या चित्राने काही मदत केली नसणार.

"रोज," तो म्हणाला. "पहिल्यापासून. हिला ठाऊक नव्हतं."

शेवटचे तीन शब्द मी सांगायला लावले नव्हते. तेवढे त्याने आपणहून घातले. ते तुला कळवावं असं वाटलं म्हणून लिहिते. त्याने काही भरून निघालं असं नाही.

बाई ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, निदान मला तेवढं तरी सुख मिळेल. त्यांनी जुने कागद काढले, आकडे बघितले, नवे बघितले, आणि चष्मा काढून म्हणाल्या, यात एक चांगली गोष्ट आहे. शिरा आम्हाला वाटल्या तितक्या कडक झालेल्या नाहीत. पडायच्या आधी दोन-तीन आठवडे खरोखर पथ्याचं जेवण पोटात गेलं आणि शरीराने लगेच ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमचं जेवण उत्तम लागू पडतंय. फक्त ते आत्ता सुरू झालं."

आत्ता सुरू झालं. कौतुक करायला म्हणाल्या गं त्या. मी इतकी वर्षं शिजवलं, आणि ते सुरू झालं तू दुकानाला कुलूप लावलंस तेव्हा. आणि लागू पडलं ते असं पडलं की माणूसच पाडला.

थांबवलेल्या दोन गोळ्या बंदच केल्या. एक निम्मी केली. रोज घरी बीपी मोजायचं, उठताना आधी बसून राहायचं, मग उभं राहायचं. मनगट जुळतंय, कात्री धरता येईल असं हाडांचे डॉक्टर म्हणाले, जाड कापड नाही पण सदरे-ब्लाउज नक्की. ते ऐकून तो लहान मुलासारखा बोटं हलवायला लागला. मला बरं वाटलं, लपवत नाही. रागावलं तरी माणूस आपलंच असतं, ही एक मोठी अडचण आहे.

घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी मिठाची पुडी घेतली. तो शेजारी उभा होता, काही बोलला नाही. दुपारी बटाटे उकडले. त्याच्या ताटात बटाटा तसाच, वर थोडी मिरपूड आणि लिंबू. माझ्या ताटात फोडून, वर बोटांनी मीठ भुरभुरलं, त्याच्यासमोर. मनात म्हटलं, बघ आता. आजपासून मी माझं चवीचं खाणार आणि तू तुझं पथ्याचं. तुझ्यासाठी आणखी काही सोडायला माझ्याकडे शिल्लक नाही. गेली इतकी वर्षं या बटाट्याची मला अधूनमधून स्वप्नं पडायची, हे मी, बारके, तुलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

घास तोंडात घातला आणि जीभ आक्रसली. खारट म्हणजे किती खारट, समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं. घास थुंकून टाकला. वाटलं जास्त पडलं असेल. दुसरा बटाटा घेतला, चिमटीतल्या चिमटीत घेऊन नुसतं दाखवल्यासारखं टाकलं. तेही गिळवेना. तिसरा तसाच खाल्ला, बिनमिठाचा. तो लागला. बटाट्यासारखा.

"जास्त पडलं का?" त्याने हळूच विचारलं.

त्याला काय कळणार. त्याची जीभ आहे तिथेच आहे. मला वाटत होतं आम्ही दोघांनी मिळून सोडलं. सोडलं ते मी एकटीने, आणि आता परत धरायला गेले तर हात तिथवर पोचत नाही. त्याने लपवलं ते एका परीने त्याला रोज मिळत तरी होतं. माझं तर असंच गेलं, कुणाच्या उपयोगालाही न येता.

तो उठायला निघाला, आधी जरा बसून राहिला, मग उभा राहिला, बाईंनी सांगितलं तसं. मिठाची पुडी डाव्या हाताने उचलून सिंकमध्ये रिकामी करायला निघाला. मी म्हटलं, राहू दे. पाहुण्यांना लागेल. पुन्हा यायला लागतील आता लोक.

तर तुझं उत्तर. दुकान उघड, तुझं पोट आहे त्यावर. त्याला दारात बघितलंस तर आत घेऊ नकोस, आणि ती गादी मला परत दे. दुपारी एकटं वाटलं तर तू इकडे ये. मी काज करत असते, बोलायला तोंड मोकळं असतं. सुरुवातीला बोलेन की नाही माहीत नाही. बसून राहा.

बाळासाठी अंगडं शिवलं आहे, माझं मीच कापलं. लेकीला सांग, अस्तर लावलेलं आहे, टोचणार नाही.

आणि काय आणू असं विचारलंस ना. तुझ्या हातचं जे काही आहे ते त्याला आता द्यायचं नाही, आणि माझ्या जिभेला ते आता कधीच रुचणार नाही. तू रिकाम्या हाताने ये.

ताई